लोडाची आतली खोळ

गिरधारीलालजींना जाऊन पाच महिने झाले होते आणि इचरजबाईंना झोप लागून पाच महिने एक दिवस. तो जादाचा एक दिवस त्यांनी नवऱ्याच्या उशाशी बसून काढला होता.

नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं बियाण्यांचं दुकान, आणि दुकानाच्या वर घर. मुलगा पारस दुकान बघे, सून शिखा घर बघे, आणि सगळं जागच्या जागी होतं. फक्त घोरणं गेलं होतं. गिरधारीलालजी स्वभावाने इतके मवाळ, की दिवसभरात त्यांचा आवाज दुकानाचा उंबरा ओलांडत नसे. ती सगळी कसर ते झोपेत भरून काढत. अठ्ठेचाळीस वर्षं इचरजबाई त्या आवाजाशेजारी झोपल्या. स्टेशनजवळ राहणाऱ्या माणसाला गाडीच्या आवाजाने जाग येत नाही, गाडी चुकली तर येते. इचरजबाईंची गाडी कायमची चुकली होती.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. "गोळीने डोळे मिटतात," त्या म्हणाल्या, "झोप वेगळी." हात थरथरायला लागले, साडी अंगावर टांगल्यासारखी दिसायला लागली. डॉक्टरांनी पारसला बाजूला घेऊन सांगितलं, की असंच चाललं तर पुढची दिवाळी कठीण आहे. पारसने ते ऐकलं आणि त्याचीही झोप गेली.

शिखाने एक उपाय केला. एका लग्नात जेवणानंतर खुर्चीतच झोपलेल्या सासऱ्यांचं घोरणं तिने गंमत म्हणून फोनवर घेतलं होतं. ते तिने सासूच्या उशाशी लावलं. इचरजबाई तासभर ऐकत पडल्या, मग फोन सुनेला परत देत म्हणाल्या, "बींदणी, त्यांना कोपर मारलं की ते थांबायचे. कूस बदलायचे, आणि मग परत सुरू. तेवढ्यात माझा डोळा लागायचा. हा काही थांबत नाही."

तेव्हा शिखाला इंदूरच्या मावसभावाचा कुत्रा आठवला. बुलडॉग. चपट्या नाकाचा, आणि असा घोरायचा की वरच्या मजल्यावरचे भाडेकरू घर सोडून गेले.

"आणि कोपर मारलं की?" पारसने विचारलं.

"थांबतो. जिवंत आहे ना तो."

चौकशी केली तेव्हा सगळ्यांनी एकच नाव घेतलं. धावड्याचे रखमाजी. तीस वर्षं बैल पारखले, पंधरा वर्षं झाली बुलडॉग करतात. माणूस अनुभवी. फक्त विचारतील ते खरं सांगा.

*

भोकरदनच्या रस्त्याला केदारखेड्याजवळ पूर्णेचं पात्र कोरडं पडलं होतं आणि पुलावर वारादेखील नव्हता. धावड्याला पोचेपर्यंत दुपारचे दोन झाले. मराठवाड्यातली दुपारी दोनची वेळ ही भुतांनीसुद्धा घरात बसायची वेळ आहे. एक चहाची टपरी तेवढी उघडी होती. पारसने रखमाजींचा मळा विचारला. चहावाल्याने हातातलं फडकं थांबवलं आणि अगदी मायेने विचारलं, "कोण गेलं तुमच्यातलं?"

"म्हणजे?"

"न्हाई, रखमाजीकडं चाललात म्हणून इचारलं. सरळ जा, लिंबाच्या झाडापासून डाव्या हाताला."

रखमाजी ओसरीवरच होते. पांढरा सदरा, कान अंमळ मोठे, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता छातीकडे बघायची सवय. श्वास बघत होते, हे पारसला मागाहून कळलं.

"बसा शेठ. नंदाबाई, पावणे आले बरं का."

आतून एक म्हातारी बुलडॉग कुत्री आली. तिने पारसकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, सुस्कारा टाकला आणि परत आत गेली. थोड्या वेळाने रखमाजींची सून दैवशाला पाणी घेऊन आली. कुत्री दारात आडवी पडली होती. दैवशालाने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, जरा सरकता का?"

आत्याबाई सरकल्या.

पारसने पाणी पिऊन टाकलं. विचारायचं बरंच काही होतं, पण पाण्याबरोबर तेही खाली गेलं.

"कुणासाठी पायजे?" रखमाजींनी विचारलं.

"आईसाठी. वडील गेले. ते घोरायचे."

"कसं? ओढून का सोडून?"

पारसने आयुष्यात कधी या गोष्टीचा विचार केला नव्हता. तरी त्याने डोळे मिटून वडिलांना आठवलं आणि नाकाने आवाज काढून दाखवला. रखमाजींनी मान तिरपी करून ऐकलं. "सोडून," ते म्हणाले. "चांगला माणूस व्हता. या."

शेडमध्ये अंधार होता. ओल्या गोणपाटांचे पडदे, तीन कूलर, आणि कूलरच्या घरघरीखाली दुसरी एक घरघर. डोळे सरावायच्या आधी कान सरावले. कुणी दम लागल्यासारखा श्वास घेत होतं, कुणी मध्येच थांबून राहत होतं, कुणी झोपेत कण्हत होतं. म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात गेल्यासारखं पारसला वाटलं आणि चपला काढाव्यात की काय, असा प्रश्न पडला. लाकडी खोक्यांमधून पिल्लं होती. दर खोक्यात एक कपडा होता. एकात खाकी शर्ट, एकात मफलर, एकात नऊवारीचा तुकडा. एका खोक्यात गुलाबी फेटा होता, आणि त्यावरचं पिल्लू पारस आत आल्याबरोबर उठून उभं राहिलं.

"ते भोकरदनचे," रखमाजी म्हणाले. "गुरुवारी नेणार हायेत घरचे. कुणीबी आलं की उठून उभं राह्यतेत. बसा म्हणाल्याबिगर बसत न्हाईत."

"बसा," पारसच्या तोंडून गेलं. पिल्लू बसलं.

"हे... हे कसं होतं, रखमाजीभाऊ?"

"त्यात काय हाय? पिल्लाचे डोळे उघडायला पंधरा दिस लागतेत. तवर त्येला दुनिया म्हंजे वास. ज्या वासात डोळे उघडले त्या घरचं झालं. जादूबिदू काही न्हाई, शेठ. तसले धंदे आपल्याकडं चालत न्हाईत." त्यांनी बोटावर सांगितलं, "एकाच माणसाचा कपडा पायजे. धुतलेला चालत न्हाई. अन् आठ दिसाच्या आत आणा, नवी पिल्लं आजच झालीत."

निघताना पारसने धीर करून विचारलं, "तुमच्या मंडळी...?"

"सहा वर्षं झाली," रखमाजी म्हणाले आणि दारात आडव्या पडलेल्या कुत्रीकडे बघून जरा आवाज खाली घेतला. "तिच्यासमोर इषय काढू नका."

*

घरी कपडा नव्हता. बाराव्याच्या आधी इचरजबाईंनी नवऱ्याचे सगळे कपडे स्वतःच्या हाताने धुऊन, घडी करून वाटून टाकले होते. पारसने कपाटं उपसली. शेवटी दुकानात येऊन हताश होऊन गादीवर बसला, पाठ लोडाला टेकवली आणि ताडकन उठला.

लोड!

त्या लोडाला कधी पाणी लागलं नव्हतं. दर दिवाळीला, लक्ष्मीपूजनाच्या आधी त्याला नवी पांढरी खोळ चढायची, पण जुनी निघायची नाही. जुनी काढली की बरकत जाते, असं आजोबा जेठमलजी सांगून गेले होते. म्हणून खोळीवर खोळ, खोळीवर खोळ. साठ-बासष्ट वर्षांत तो लोड इतका फुगला होता की त्याला टेकून बसलेला माणूस गल्ल्यापेक्षा रस्त्याच्या जवळ असे. आणि त्याच लोडाला त्याचे वडील, बाबूजी, मरेपर्यंत टेकून बसले होते.

आता प्रश्न एवढाच की कुठली खोळ घ्यावी? इथे पारसचं पिढीजात शहाणपण आडवं आलं. व्यापारी माणूस पोत्याचा नमुना वरून घेत नाही. वर दाखवायचा माल असतो. परखीची सळई खुपसून तळाचा दाणा काढतात, तोच अस्सल. पारसने लोड एका बाजूने उसवला, कोपरापर्यंत हात घातला आणि सगळ्यात आतली खोळ ओढून काढली. चहासारखा रंग चढलेली, आणि तपकिरीचा वास. बाबूजी तपकीर ओढत नसत. असेल एखाद्या गिऱ्हाइकाची, म्हणून त्याने ती पिशवीत घातली आणि लोड परत शिवून घेतला.

दोन महिन्यांनी तो पिल्लू आणायला गेला. पिल्लू पांढरं होतं, एका डोळ्याभोवती तांबूस डाग, आणि कपाळावर आठ्या. आठ्या त्या जातीलाच असतात, पण याच्या आठ्यांना काही कारण असावं असं वाटत होतं.

"शेठ," रखमाजी डोकं खाजवत म्हणाले, "तुमचे वडील तापट व्हते का?"

"बाबूजी? छे!"

"हे जरा कडक निघालंय. बाकीची दूध प्यायला पळतेत, हे बसून राह्यतंय. आणून द्यावं लागतंय. कपडा त्यांचाच व्हता ना?"

"बिलकुल."

"मंग ठीक. नाव ठेवू नका. आठ दिसांत आपोआप कळतंय."

परतीच्या वाटेवर पिल्लू मागच्या सीटवर बसलं होतं. पारसने आरशातून पाहिलं, तर ते खिडकीबाहेर बघत नव्हतं. पारसकडे बघत होतं. त्याने गाडीचा वेग कमी केला. का केला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

*

इचरजबाई दिवाणखान्यात पलंगावर बसल्या होत्या. सकाळी आठवणीने वेणी घातली होती. पारसने पिल्लू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर सोडलं. ते आत शिरलं नाही. उंबऱ्यापाशी थांबलं, आणि तीन वेळा खाकरलं.

बुलडॉगच्या घशातून असे आवाज येतातच. पारस ते सांगणार होता, पण त्याचं आईकडे लक्ष गेलं. इचरजबाईंचा हात आपोआप वर गेला होता. पदर डोक्यावरून कपाळावर, कपाळावरून हनुवटीच्या खाली आला होता. त्या पलंगावरून उतरल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

पारसने आईला घुंघटात फक्त जुन्या फोटोत पाहिलं होतं.

मग पिल्लू आत आलं. खोलीतून एक फेरी मारली, सुरू असलेल्या पंख्याखाली थांबून वर पाहिलं. खोलीत त्या जागी कुणी बसलेलं नव्हतं. शिखाने मुकाट्याने पंखा बंद केला. पिल्लू खिडकीजवळच्या खुर्चीपाशी गेलं आणि उभं राहिलं. त्याला उचलून ठेवावं लागलं.

"बींदणी," भिंतीकडून कुजबुज आली. "बापूजींना विचार, पाणी हवंय का."

सासऱ्यासमोर सून बोलत नसते. बोलायचं झालं तर मध्ये दुसरं माणूस लागतं. शिखाने पारसकडे पाहिलं, पारसने जमिनीकडे. मग शिखा खुर्चीकडे वळून म्हणाली, "मम्मीजी विचारतात, पाणी हवंय का?"

पिल्लाने एकदा मान हलवली.

त्या दिवसापासून इचरजबाईंचं उरलंसुरलं पडणंही गेलं. सासरा जागा असताना सून आडवी होत नाही. आणि सासरा कधी झोपतो हेच कळेना. दुपारी खाल्लं की ते पिल्लू खुर्चीत हनुवटी टेकून निश्चल पडायचं. श्वासाचा आवाज नाही, आणि एक डोळा अर्धा उघडा. जगातला न घोरणारा एकमेव बुलडॉग पारसच्या घरी आला होता. जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं की तो अर्धा डोळा पाऊण होई. भर उन्हाळ्यातसुद्धा त्या खोलीत जाताना पारसचा हात शर्टाचं वरचं बटण लावायला जायचा.

चौथ्या दिवशी इचरजबाई स्वयंपाकघरात चक्कर येऊन बसल्या. पारसने त्यांना धरलं. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग पदराआडून विचारलं, "कपडा कुठला दिलास?"

पारसने सांगितलं.

"सगळ्यात आतली? ती पहिली, बेटा. बापूजींनी दुकान मांडलं त्या दिवाळीची. ते तपकीर ओढायचे, आणि एक डोळा उघडा ठेवून झोपायचे. तू वडिलांना आणायला गेलास आणि आजोबांना घेऊन आलास."

पारसने त्याच पावली खाली जाऊन रखमाजींना फोन लावला.

"पिल्लू परत घ्या, रखमाजीभाऊ."

"कामून? आजारी हाय?"

"नाही. आजोबा आहेत."

पलीकडे रखमाजींनी कूलर बंद केला. "वडिलांचा म्हणाल्ते ना तुम्ही? शेठ, खोडीचा बैल मी परत घेतो. घरचं माणूस कसं घ्यावं? इथं कोण ओळखतंय त्येंना? कुणापुढं खाकरतील?" मग आवाज जरा नरमला. "दुसऱ्या कुत्रीला पिल्लं झालीत, आज चार दिस झाले. डोळे उघडायच्या आत बराबर कपडा आणा. ह्या बारीनं माणूस ओळखून."

"कपडा असता तर..." पारस म्हणाला आणि मागे वळला.

इचरजबाई जिन्यात उभ्या होत्या. चार दिवसांत पहिल्यांदाच घुंघट मागे सारलेला, आणि हातात लग्नाची चुनडी. चुनडीच्या घडीत एक उशीचा अभ्रा होता. मध्यभागी आवळ्याच्या तेलाचा गोल, काळपट डाग.

"सगळं देऊन टाकावं म्हणतात. मी हे चोरून ठेवलं," त्या म्हणाल्या. "वास थोडाच उरलाय. रोज थोडाथोडा वापरते."

*

धावड्याला त्या स्वतः आल्या. रखमाजींनी अभ्रा हातात घेतला नाही, नुसता लांबून हुंगला आणि मान डोलावली. "हेच ते. पण माय, एक सांगतो. ह्यो परत मिळायचा न्हाई. पिल्लं चिंध्या करतेत."

इचरजबाईंची मूठ घट्ट झाली. "अर्धा कापून दिला तर?"

"अर्धा माणूस चालंल का तुम्हाला?"

शेडमध्ये त्या खोक्यापाशी जमिनीवर बसल्या. आत सहा आंधळी पिल्लं एकमेकांच्या अंगावर वळवळत होती. त्यांनी अभ्रा नाकाशी धरला, सगळा उरलेला वास एकदाच ओढून घेतला, आणि तो खोक्यात अंथरला. पाच पिल्लं वळवळत राहिली. सहावं थांबलं. डोकं उचललं, सरपटत डागापर्यंत आलं, आणि त्यावर तोंड ठेवून पडलं.

नंदाबाई जवळ येऊन बसली होती. उठताना इचरजबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "तुम्हाला इथे ठीक वाटतं ना?"

नंदाबाईंनी रखमाजींकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला. त्याचा अर्थ कुठल्याही संसारी बाईला कळण्यासारखा होता.

मधले दोन महिने कठीण गेले. वैद्याचे काढे झाले, डॉक्टरांच्या सुया झाल्या. बापूजींना दुपारचं दुकानात नेऊन गादीवर बसवायचं आणि त्या वेळात आईने निदान पाठ टेकायची, असं पारसने ठरवलं. बापूजी लोडाला टेकून बसत. पहिल्या आठवड्यात नोकर वेळेवर यायला लागले. दुसऱ्या आठवड्यात उधारीवाले दुकानासमोरून जाताना पलीकडच्या कडेने जायला लागले.

श्रावणात नवं पिल्लू आलं. तपकिरी, ढिलं, गालफडं लोंबणारं. उंबऱ्यापाशी ते थांबलं नाही, अडखळलं. गिरधारीलालजीही अठ्ठेचाळीस वर्षं त्याच उंबऱ्याला अडखळले होते. पलंगावर ठेवल्यावर ते डाव्या बाजूला सरकलं, दोनदा गिरकी घेतली आणि पडलं. इचरजबाई उजव्या बाजूला आडव्या झाल्या. पारस आणि शिखा दाराआड उभे राहिले.

आधी एक बारीक शिट्टी. मग एक थांबा. मग ते आलं. सोडून. खिडकीचं तावदान थरथरलं. डोळे मिटले असते तर पलंगावर बाबूजी होते, आणि डोळे मिटायची पारसला हिंमत होत नव्हती.

इचरजबाईंनी न बघता कोपर मारलं. घोरणं थांबलं. पिल्लाने कूस बदलली.

आणि जिन्यातून तीन वेळा खाकरण्याचा आवाज आला.

पिल्लू ताडकन उठलं. पलंगावरून धडपडत खाली उतरलं आणि मान घालून, शेपटीचं बोंड खाली करून उभं राहिलं. उंबऱ्यात पांढरा बुलडॉग होता. त्याने पलंगाकडे पाहिलं. भर दुपारी, दुकान उघडं असताना, झोपलेला मुलगा. त्याच्या घशातून खर्जात एक आवाज निघाला, आणि तपकिरी पिल्लू थरथरायला लागलं.

इचरजबाई उठून बसल्या. पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला. शिखा मध्यस्थीला पुढे सरकली, तर पदराआडून हात आला आणि तिला थांबवलं.

"बापूजी," इचरजबाई म्हणाल्या. आवाज कापत होता, पण कुजबुज नव्हती. "तेवीस वर्षं तुमच्यासमोर तोंड उघडलं नाही. आता एकदाच उघडते. यांना झोपू द्या. यांचं दुकान झालं."

पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर एका ऑटोने हॉर्न दिला आणि मध्येच बंद केला. पांढऱ्या बुलडॉगचा अर्धा मिटलेला डोळा पूर्ण उघडला, सुनेवर थांबला, आणि पहिल्यांदाच खाली गेला. तो वळला. जिन्यावर त्याची नखं एकेक पायरी वाजत उतरली, आणि गादीपाशी थांबली.

इचरजबाईंनी पिल्लाला उचलून डावीकडे ठेवलं. शिट्टी, थांबा, आणि गाडी सुरू. कोपर. थांबा. दुसऱ्यांदा सुरू झाली तेव्हा कोपर उठलं नाही. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला उठल्या, आणि पहिलं वाक्य बोलल्या, ते असं: "भूक लागली."

दिवाळीला लोडाला नवी खोळ चढवायला त्या स्वतः खाली आल्या. बापूजींनी जागा करून दिली.

सगळं सुरळीत झालं, असं म्हणायला हरकत नाही. फक्त त्याच आठवड्यात, गच्चीवरच्या दोरीवरचे कपडे काढताना पारसला आपला एक बनियन कमी दिसला. वारा नव्हता. त्याने शिखाला हाक मारली.

"माझा एक बनियन कुठे गेला गं? परवा काढून टाकलेला?"

शिखा पापड वाळत घालत होती. तिने वर पाहिलं नाही.

"ठेवलाय," ती म्हणाली.

"धुतला का?"

"नाही."